‘अजून’ नव्हे, पुन्हा

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर उभी राहिले की, किंवा कानबाई देवीच्या मिरवणुकीत फुगडी धरली की कुणी ना कुणी विचारतंच, “काकू, या वयात तुम्हाला अजून कसं जमतं? गुडघे दुखत नाहीत का?” दरवेळी हसून वेळ मारून नेते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

वय 64. गुडघे दुखतात, डावा जरा जास्तच. पण तुमच्या प्रश्नातला ‘अजून’ मला खटकतो. माझं अजून काहीच टिकलेलं नव्हतं. सगळं गेलं होतं, आणि मधली तेरा वर्षं ते गेलंय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

माझं माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळेत खो-खो खेळायचे. खो-खोत पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारीला मात्र दोन्हीची मुभा. त्यामुळे मला पळायलाच आवडायचं. उजवीकडे जाते असं दाखवायचं आणि डावीकडून निसटायचं. ओळीत बसण्याची मजा वेगळी. उकिडवं बसून राहायचं, पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की त्याच क्षणी उठून सुटायचं. तेव्हा याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं.

मग लग्न, शाळेतली नोकरी, दोन मुलं. चौतिसाव्या वर्षी आम्ही जळगावला नवीन घर बांधलं आणि मी मोठ्या हौसेनं सगळ्या सोयी करून घेतल्या. उंच ओटा, जेवायचं टेबल, पलंग, खुर्चीसारखा संडास. सासूबाई म्हणाल्या होत्या, “जमिनीवर बसायचं कामच ठेवलं नाही तुम्ही.” मला तो टोमणा वाटला. टोमणाच होता, पण खरा होता. सकाळी पलंगावरून उतरायचं ते रात्री पलंगावर चढायचं, मधे दिवसभरात जमिनीला टेकायची वेळच यायची नाही. शाळेतही खुर्ची. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे दिवस आले की तेवढं उकिडवं बसणं व्हायचं, तर पुढे मी बिबडेही विकत आणायला लागले.

सत्तेचाळीसाव्या वर्षी आखाजीला माहेरी गेले. नेहमीच्या निंबाला झोका बांधलेला. लहानपणी आम्ही उभ्यानं झोका चढवायचो, वरची फांदी पायाला लागेपर्यंत. मी चढले. गुडघे वाकवून जोर द्यायचा असतो. वाकले, आणि ताठ होता येईना. खालून भाऊजय ओरडली, “उतर व माय, पडशी!” उतरायलाही दोघींनी हात दिला. त्यानंतर पंगतीत आमरस-मांडे पोटभर खाल्ले, आणि उठताना शेजारच्या बाईच्या खांद्यावर सगळा भार टाकला. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती.

माझी भाचेसून फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं समजावलं की तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्के घटतात, आणि साठीनंतर ही घट वाढते. त्यातही आधी कमी होतात ते झटक्यात काम करणारे तंतू. म्हणून पाण्याचा हंडा उचलता येतो, पण उंबऱ्याला ठेच लागली तर दुसरा पाय वेळेवर पुढे पडत नाही. ताकद शिल्लक असते, चपळाई आधी निघून जाते. मला लगेच खो-खोची ओळ आठवली.

तिनंच पुढे एका चाचणीबद्दल सांगितलं. ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ गिल आराउझो यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं, आणि 2012 मध्ये त्याचा अभ्यास छापला. पूर्ण गुण 10. हात, गुडघा टेकला की दर टेक्याला एक गुण वजा, झोक गेला तर अर्धा. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. (आपल्याकडे या परीक्षेला पंगत म्हणतात. गुण तेवढे कुणी देत नाही.) संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही अकरा जणींनी साड्या खोचून ती करून पाहिली. मला साडेपाच. नऊवारीतल्या, आयुष्यभर शेतात निंदणी केलेल्या एका आजींना साडेनऊ, आणि तो अर्धा गुण त्यांना हसू आवरेना म्हणून गेला.

तर त्या आखाजीनंतर मी काय केलं? मोठं काही नाही. टेबल मुलाला दिलं. जेवण पाटावर, भाजी निवडणं खाली, पेपर खाली, टीव्हीसमोर उकिडवं. पहिले तीन महिने उठताना भिंत धरली. दात घासताना एका पायावर उभं राहायला लागले, ते अजूनही करते. मग गल्लीतल्या पोरींबरोबर लंगडी. वैशाखात आमच्याकडे पारा 44 च्या वर जातो, त्यामुळे खेळ सकाळी सहाला नाहीतर दिवेलागणीला.

इथे एक कबूल करते. एकोणपन्नासाव्या वर्षी लंगडीतच घसरले आणि मनगट मोडलं. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात हे मला ठाऊक होतं, तरी तपासून घेतली नव्हती. सहा आठवडे प्लास्टर. भेटायला आलेली प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणाली, “आते वय व्हयनं ना, माय.” त्या प्लास्टरपेक्षा ते वाक्य जड होतं. प्लास्टर निघाल्यावर आधी हाडं तपासली, औषधं सुरू केली, आणि मग पुन्हा अंगणात उतरले. पण आता फरशीवर नाही, मातीवर. तुम्हालाही हेच सांगेन. गुडघा सुजत असेल तर आधी डॉक्टर, मग फुगडी.

फुगडीचंही तसंच. सुरुवातीला चार गिरक्यांत डोळ्यांपुढे अंधारी यायची. आतल्या कानात पाणी फिरत असतं, आपण थांबलो तरी ते थांबत नाही, म्हणून चक्कर. रोज थोडं थोडं फिरलं की मेंदू त्याला सरावतो. मी अंगणात दोन गिरक्यांपासून सुरुवात केली, नजर समोरच्या बाईच्या कपाळावरच्या टिकलीवर ठेवून. हात कैची करून, पावलं जुळवून, मागे रेलायचं. मागे रेलायला भीती वाटते, कारण समोरचीनं सोडलं तर आपण गेलो. पण रेलल्याशिवाय फुगडी फिरतच नाही. मला वाटतं आपल्या वयाच्या बायकांचे गुडघे तितके आडवे येत नाहीत, जितकी ही रेलायची भीती आडवी येते. निदान माझं तरी तसंच होतं.

दंडफुगडी, पिंगा, झोका, हे सगळं परत आलं. बसफुगडी मात्र पूर्ण आलेली नाही. उकिडवं बसून पाय आळीपाळीनं पुढे झटकायचे, त्याला खो-खोची तीच जुनी झटक्याची ताकद लागते. माझे सात झटके होतात. आठव्याला बूड टेकतं. नात समोर बसून मोजत असते, आणि दरवेळी लबाडीनं आठ म्हणते.