पश्चिमेची काच

"साहेब, हितं बसणाऱ्याचं कसं हुईल ओ?"

होटगी रोडची साइट, दुसरा मजला, संध्याकाळचे पाच. मिस्त्रींनी स्लॅबवर पडलेला स्टीलचा टेप उचलला आणि चटका बसून लगेच सोडला. मग खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून परत उचलला. पश्चिमेच्या याच बाजूला खालपासून वरपर्यंत काच यायची आहे. क्लायंटला बिल्डिंग 'पुण्यासारखी' दिसायला हवी.

छज्जा देऊ म्हटलं तर त्याचा इथे उपयोग नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा सावली देतो. पण पाचचं तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. ते अडवायला उभे फिन, म्हणजे काचेबाहेर काढलेल्या उभ्या आडोशाच्या पट्ट्या लागतात, आणि फिन म्हणे दुकानांच्या बोर्डांना आड येतात! उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर. एसीचं बिल भाडेकरू भरेल, मालकाचं काय जातंय?

गंमत म्हणजे आमच्याच ऑफिसात जुळे सोलापुरातल्या एका शाळेचंही काम चालू आहे. तिथे एसी परवडणार नाही, हे पहिल्याच मीटिंगला ठरलं. म्हणून वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर, वारा आरपार. पश्चिमेला जिना आणि स्टोअर. बजेट निम्मं, पण पोरं गारव्याला बसणार.

उद्या फिनचं ड्रॉइंग पुन्हा क्लायंटपुढे ठेवतोय. बघू.

तुम्ही गाळा घेताना दिशा विचारताच की. पण वास्तू सोडून, उन्हासाठी कधी विचारलीय?