कातरीचा तो फोटो

"इराणच्या बायकांनी डोक्यावरचा रुमाल भिरकावला की तुला आनंद होतो, आणि कर्नाटकात उडुपीच्या मुली हिजाब घालून वर्गात बसू द्या म्हणाल्या तर त्यांचीही बाजू घेतेस. एक काय ते ठरव ना बाई!" सोलापुरातल्या माझ्या धाकट्या भावापासून बर्लिनच्या गणपतीत भेटणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतोच: कपडे शिवून कुठं सरकार पडतं का?

विचारणाऱ्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळा एक फोटो असतो. स्टेजवर काळा मांतो घातलेली मुलगी, हातात शिंप्याची मोठी कातर आणि मधोमध कापला जाणारा लाल रेशमी रुमाल. त्या मांतोचं पॅटर्न मी काढलंय, त्यामुळे जाब मला विचारला जातो, हे मला मान्य आहे. मांतो म्हणजे लांब, सैलसर कोट. चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत घ्यायची चादर, घ्यायचा नसेल तर इराणमध्ये बाईने बाहेर पडताना मांतो घालायचा आणि डोक्याला रुमाल, म्हणजे रुसरी, बांधायची असा कायदा आहे. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

बर्लिनमध्ये ज्या इराणी डिझायनरकडे मी काम करते तिचं नाव लिहिणार नाही. तिच्याबद्दल कुठे नवीन काही छापून आलं की इस्फहानमध्ये तिच्या आईवडिलांना चौकशीचं बोलावणं येतं. त्यात माझी भर नको. ती तेहरानमध्ये असताना एका फ्लॅटमध्ये कपडे दाखवायची. पडदे ओढलेले, आलेल्यांचे फोन दाराशी काढून ठेवलेले. २०१६ साली तिथल्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं की इन्स्टाग्रामवर उघड्या डोक्याने फोटो टाकणाऱ्या मॉडेल, त्यांचे फोटोग्राफर, मेकअपवाले, डिझायनर अशा १७० जणांना हुडकून काढलंय, आणि त्यातल्या आठ जणांना अटक केली आहे. मोहिमेचं नाव होतं 'स्पायडर २'. त्या १७० मध्ये आपण आहोत की नाही हे तिला कधीच कळलं नाही. कळायची वाट न बघता ती निघाली.

तिच्याकडे का राबतेस, असंही तुम्ही विचारता. (राबतेस हा शब्द तुमचा.) आमच्या आण्णांचा सगळा जन्म सोलापुरात गणवेशाच्या कटिंगमध्ये गेला. देशभरातल्या शाळांचे गणवेश आमच्या गावात शिवले जातात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मी त्या टेबलाखाली चिंध्या वेचत मोठी झाले. इथे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ट्रंकेतून तिच्या शाळेतला मकनए काढून माझ्यापुढे टाकला. मकनए म्हणजे डोक्यातून ओढून घालायची शिवलेली ओढणी: हनुवटीखाली शिवण, छातीपर्यंत कापड, चेहऱ्यापुरती मोकळी जागा. नेव्ही ब्लू पॉलिएस्टर. मी सवयीने उलटा करून बघितला. आतून ओव्हरलॉक, हनुवटीच्या शिवणीला घामाने पडलेला पांढुरका पट्टा, आणि तिथली टीप चावून चावून उसवलेली. सात वर्षांची पोर वर्गात बसून ती शिवण तोंडात धरत होती.

तो कसा बेतलाय हे मला बघताक्षणी कळलं. कापड दुहेरी घालून, तुकडा वाया न घालवता, एका थप्पीत ढिगाने. आण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी असाच बेतला असता, आणि चोख बेतला असता. हे ध्यानात आलं तेव्हा मला बसल्या जागी मळमळलं होतं. म्हणून मी तिच्याकडे राहिले. अन्यायाविरुद्ध लढायला वगैरे मी आले नव्हते, मला नोकरी हवी होती.

तिचं काम काय आहे ते मी तुम्हाला घोषणांत सांगू शकत नाही, शिवणीतच सांगू शकते. तिचा मांतो समोरून कायद्याला धरून असतो. पाठीची मधली शिवण मात्र मानेपासून कमरेपर्यंत सोडलेली असते, आणि फटीतून आतलं तेर्मेचं अस्तर दिसतं. तेर्मे हे इराणमधल्या यझ्द शहराचं विणलेलं भारी कापड. त्यावरची नक्षी पाहिलीत तर तुम्ही कोयरीच म्हणाल. आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेकडचा गोल काप. नेहमीच्या सैल मांतोचा मुंढा खाली उतरलेला असतो, त्यामुळे हात वर केला की सगळा कोट हाताबरोबर वर चढतो. आम्ही मुंढा काखेशी वर घेतो. हात डोक्यावर नेऊन मूठ वळली तरी खालची कड जागची हलत नाही. एवढं साधायला मी किती वेळा कापड उसवलं ते मलाच माहीत.

कपड्यांनी काय होतं, हे निदान मराठी माणसाने तरी विचारू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं सवर्ण बायकांसारखं नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर वागवलेले गळाभर, हातभर दागिने टाका. चवदार तळ्याच्या लढाईत लुगड्याच्या नेसण्याबद्दल बोलायला त्यांना वेळ होता. आणि आपल्याच घरांत नवरा मेला की बाईचे केस उतरवून तिला लाल अलवण गुंडाळलं जायचं, तेव्हा कुणी म्हणालं नाही की कपड्यांत काय एवढं.

आता पहिल्या, अवघड प्रश्नाकडे येते.

डिझायनरच्या पणजीच्या डोक्यावरचा चादोर १९३६ साली पोलिसाने भर रस्त्यात ओढून काढला. त्या जानेवारीत इराणचा राजा रेझा शहाने हुकूम काढला होता: बायकांनी चादोर टाकायचा, देश आधुनिक करायचाय. पणजी घराबाहेर पडेना. हमामला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, जायचं तर रात्री, गच्च्यांवरून. पुढे मार्च १९७९ मध्ये, क्रांतीनंतर, तिचे नेते खोमेनींनी फर्मावलं की बायकांनी सरकारी कचेऱ्यांत हिजाबशिवाय यायचं नाही. ८ मार्चपासून तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. तिची आई तेव्हा तिथे शिकत होती, तीही गेली. १९८३ मध्ये उघड्या डोक्याला ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. एकाच घरात एकीच्या डोक्यावरचं ओढून काढलं, दुसरीच्या डोक्यावर लादलं. मला वाटायचं, माझं उत्तर इथेच संपतं. हुकूम कोणाचा ते बघा, फडक्याकडे बघू नका.

मग २०२२ आलं. १३ सप्टेंबरला महसा अमिनीला तेहरानमध्ये गश्त-ए-इरशादने, म्हणजे कपडे तपासणाऱ्या पोलिसांनी, धरून नेलं आणि १६ तारखेला ती गेली. बावीस वर्षांची मुलगी. ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये ८०,००० माणसांचा मोर्चा निघाला. आम्ही दुकान बंद ठेवून गेलो. परतताना तिने शो ठरवला: मुली रुसरी बांधून येतील, स्टेजवर ती सोडतील, कातरीने कापतील, आणि तुकडे एका पांढऱ्या मांतोला टाचले जातील.

तेव्हा आमच्याकडे तिसरी एक बाई होती. सीरियातल्या अलेप्पोची. तिथे कारखान्यात मशीनवर होती, युद्धात सगळं सोडून आली. डोक्याला कायम रुमाल. रेशमाची कड हाताने वळण्यात तिची बरोबरी करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बोटाला किंचित थुंकी लावून कापडाची धार गुंडाळायची आणि टाका असा घालायची की उजेडात धरला तरी दिसू नये. शोचे सगळे रुमाल तिने वळले. ते कशासाठी आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की तिला माहीत असेल. डिझायनरने काय धरलं होतं ते मी विचारलेलं नाही.

रंगीत तालमीच्या दिवशी पहिला रुमाल कापला गेला. रेशीम कापताना फार आवाज येत नाही, पण वळलेल्या कडेवर कातर जरा अडते, तिथे जोर द्यावा लागतो. अलेप्पोच्या बाईने तो जोर देताना पाहिला. अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "हे मी कापायला शिवलं नव्हतं."

"हे तुझ्याबद्दल नाहीये," डिझायनर म्हणाली.

"माझ्याही डोक्यावर तेच आहे."

डिझायनरच्या मामेबहिणीला त्या आठवड्यात उचलून नेलं होतं. डिझायनर झोपलेली नव्हती, जेवत नव्हती. ती ओरडली, "तुझ्या डोक्यावरच्या त्या फडक्यापायी माझ्या देशात पोरी मरतायत!"

अलेप्पोची बाई ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या घरावर बॉम्ब टाकायला लावणारा माणूस सूट घालून, टाय लावून टीव्हीवर यायचा. मी कुणाचा टाय कापायला निघाले नाही." मग तिने तिच्या सुया मोजून डबीत घातल्या. डबी तिचीच होती. कोट घातला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. तिच्या त्या बघण्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण जे लिहीन ते माझ्या सोयीचं असेल.

मी डिझायनरला त्याच संध्याकाळी तिच्या पणजीची आठवण दिली. ती म्हणाली, "पणजीच्या वेळी गच्चीवरून का होईना, जायला वाट होती. माझ्या बहिणीला कोठडीत गच्ची नाही." यावर मला काय म्हणता आलं असतं? आजही सुचत नाही. तिचं दुःख खरं होतं आणि ती त्या बाईला जे बोलली ते अन्यायाचं होतं. दोन्ही.

शो झाला. रुमाल कापले गेले, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात माझ्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ शेजारणीला म्हणत होता की आता आपल्या शहरातल्या तुर्की बायकांनीही हे शिकावं. आणि काही दिवसांत तोच फोटो सोलापूरच्या आमच्या ग्रुपवर येऊन पडला: 'बघा, इराणच्या बायकांना कळलं, आपल्याकडच्यांना कधी कळणार?' कर्नाटकात वर्गातल्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबरला एकमेकांविरुद्ध निकाल दिले होते, त्याला महिनासुद्धा उलटला नव्हता. मी काढलेला मुंढा, अलेप्पोच्या बाईने वळलेली कड, आणि खाली हे. तुमच्यापैकी अनेकांनी तो फोटो पहिल्यांदा असाच पाहिलात. मला राग येतो तो याचा.

रागाच्या भरात मी तेव्हा एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. सार एवढंच, की निवड महत्त्वाची, बाईला हवं ते बाईने घालावं, तेहरानलाही आणि उडुपीलाही. तुम्ही बऱ्याच जणांनी ते वाचलंय, काहींना आवडलंही होतं. मला ते आता पुरत नाही. तेव्हा ते लिहिणाऱ्या जुन्या मला मी विचारते: शिवण चावणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोरीने काय निवडलं होतं? तिच्याच वयाच्या पोरीला घरच्यांनी हिजाब घातला तर तो कुणाच्या निवडीत धरायचा? आणि आण्णांनी ज्या हजारो पोरांचे गणवेश कापले, त्यांना कुणी विचारलं होतं? पण मग जुनी मी उलट म्हणते की लहान मुलीचं निमित्त करून मोठ्या बायकांवर हुकूम काढणारे सगळीकडे आहेत. तेही खरंच आहे.

तिकडे इराणमध्ये गोष्टी पुढे गेल्यात. डिसेंबर २०२४ मध्ये हिजाबचा आणखी कडक कायदा लागू व्हायचा होता, तो सरकारला थांबवून ठेवावा लागला. तेहरानच्या रस्त्यावर कितीतरी मुली जीन्स-टीशर्टमध्ये, मोकळ्या केसांनी फिरतात. मांतोच घालत नाहीत. त्यांचे फोटो बघत डिझायनर एकदा म्हणाली की आपण इथे ज्या कपड्याशी झगडतोय तो त्यांनी तिथे टाकूनही दिला. त्या दिवशी आम्ही काहीच काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं. रेशमाची कड हल्ली अलेप्पोची बाईच वळून देते, तिच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या दुकानात. कापड मी नेते, मी आणते. त्या दोघी बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा आण्णांनी तो फोटो पुढे केला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. "मग मी जन्मभर गणवेश कापले ते चुकीचं केलं होय?" मी नाही म्हणाले. गणवेशात गरिबाचं पोर ओळखू येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मग म्हणाले, "उडुपीच्या पोरी गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेतो म्हणत होत्या ना? त्याच ताग्यातलं कापड जास्तीचं काढायचं, जिला पाहिजे तिला द्यायचं. कटिंगला काही अवघड नाही." मी विचारलं, जिला नकोय पण घरचे घ्यायला लावतील तिचं काय? आण्णांना त्यावर उत्तर देता आलं नाही. मलाही येत नाही. डिझायनरकडे उत्तर आहे, सरसकट बंदी. ते मला पटत नाही, आणि ती ते सोडायला तयार नाही.