दाराच्या बाहीतून निघालेली गिटार

घरातलं एक जुनं दार काढलं तेव्हा त्याची चौकटही निघाली, आणि चौकटीच्या दोन्ही उभ्या बाह्या टाकून द्यायच्या ढिगात जाऊन पडल्या. त्यातली एक मी सहज उचलली आणि एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. ती इतकी सरळ होती की मी परत परत बघत राहिलो. साग, रेशे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत गेलेले, मध्ये एकही गाठ नाही, आणि इतकी वर्षं दमट हवा, कोरडी हवा सगळं सोसूनही कुठे वाकणं नाही की पिळणं नाही. तेव्हाच ठरलं की ह्यातून गिटारचा नेक, म्हणजे हातात धरायची लांब मान, काढायचा.

नेकसाठी सरळपणा का एवढा महत्त्वाचा, तर इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा मिळून नेकवर साधारण ४५ किलोची ओढ असते, आणि ती दिवसरात्र असते. ओलं किंवा घाईत सुकवलेलं लाकूड घेतलंत तर ते सुकताना हलतंच, आणि नेक जरासा जरी पिळला तरी मग काही करता येत नाही. जुन्या लाकडाचं जे काही हलायचं असतं ते बरंचसं हलून झालेलं असतं. जुन्या लाकडाचा आवाजच वेगळा, त्यात जादू असते, असं बरेच लोक म्हणतात, मला ते पटत नाही. माझ्यासाठी जुन्या लाकडाचा मोठा गुण म्हणजे ते आता शांत झालेलं असतं.

इलेक्ट्रिकच का केली, अकूस्टिक का नाही, तर अकूस्टिकची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिमी जाड ठेवावी लागते, बाजूच्या पट्ट्या गरम करून वाकवायच्या असतात, आणि सगळा आवाज त्या पुढच्या फळीवर अवलंबून असतो. आंतोनियो दे तोरेस ह्या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या, फक्त पुढची फळी चांगल्या स्प्रूस लाकडाची, हेच दाखवायला की खरं काम ती फळी करते. तेवढी पातळ फळी हातरंध्याने एकसारखी करायची तयारी माझी अजून नाही. आणि टाकाऊ लाकडाची इलेक्ट्रिक म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मेच असतो. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली, नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून काढला, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं होती ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली, आणि ट्रेमोलोला (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवणारी यंत्रणा) मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा. तीच गिटार तो पुढे कायम वाजवत राहिला. माझ्या बाहीतही बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं होती, ती मी त्याच लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकून बुजवली आणि प्रत्येक खुंटी ठोकताना त्या काड्या आठवल्या.

जुन्या लाकडाला रंधा लावायच्या आधी दोन गोष्टी कराच. एक, लोहचुंबक सगळीकडून फिरवा. मोडलेला खिळा आत दडून बसलेला असतो, वरून फक्त एक काळा ठिपका दिसतो, आणि रंध्याचं पातं त्यावर गेलं की दात पडलाच समजा. माझ्या बाहीत चार निघाले. दुसरं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं करून खरवडा आणि मास्क लावा. पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड घेत असाल तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे नुसतं तापवून किडे मारलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते घेऊच नका. आणि सागात सिलिका असते, त्यामुळे पात्याची धार भराभर जाते. मी तर दर वीस मिनिटांनी दगडावर धार लावत होतो, आणि मला वाटतं ह्या सगळ्या कामात मी सगळ्यात जास्त काही शिकलो असेन तर ते धार लावणंच.

हत्यारं म्हणाल तर एक रंधा, ६ आणि २० मिमीच्या दोन पटाशा, एक बारीक दातांची करवत, एक कोपिंग सॉ (वळणं कापायची बारीक करवत), हाताने फिरवायचं ड्रिल, कानशी, गुण्या, आणि जमतील तेवढे क्लॅम्प. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत.

बॉडीसाठी जुन्या पलंगाच्या फळ्या होत्या, रंधून झाल्यावर २२ मिमी भरल्या. गिटारची बॉडी साधारण ४४-४५ मिमी जाड असते, म्हणजे दोन थर एकमेकांवर चिकटवले की झालं. पण ह्यात एक फार मोठी सोय आहे जी मला आधी सुचली नव्हती. एकसंध ४४ मिमीची फळी असती तर पिकअपचा (तारांची कंपनं विजेत उतरवणारा भाग) खड्डा, वायरिंगचा खड्डा, नेक बसायची जागा, हे सगळं राउटर मशीनशिवाय पटाशीने कोरत बसावं लागलं असतं. दोन थर असले की वरच्या थरात ते खड्डे कोपिंग सॉने आरपार कापून टाकायचे, आणि मग खालचा थर चिकटवला की तोच खड्ड्याचा तळ होतो, अगदी सपाट. बाहेरचा आकारही प्रत्येक थराचा वेगवेगळा कापला, २२ मिमी कापणं आणि ४४ मिमी कापणं ह्यात हाताला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फक्त नेकचा खड्डा त्यामुळे २२ मिमी खोल झाला, नेहमीच्या १६ च्या ऐवजी, म्हणून नेकचं बुड फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) धरून ३२ मिमी जाड ठेवलं, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर १० मिमी येतो. हे कापायच्या आधी कागदावर बाजूने पूर्ण मापात काढून बघा, ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) उंची सुद्धा त्यातच ठरते.

सागाबद्दल अजून एक, ते तेलकट असतं. चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही तोंडं ताज्या रंध्याने उघडी करायची, अ‍ॅसिटोनने पुसायची, ते उडून गेलं की लगेच गोंद लावायचा. आदल्या दिवशी रंधून ठेवलेलं चालत नाही, तेल परत वर येतं. माझा एक जोड असाच सुटला आणि परत करावा लागला.

हेडस्टॉक (नेकचं तारांच्या खुंट्यांचं टोक) मागे कललेला हवा होता म्हणून १४ अंशात तिरका काप घेऊन तो तुकडा उलटा फिरवून चिकटवला. २६ मिमी जाड लाकडात १४ अंशांचा उतार म्हणजे १०४ मिमी लांब जोड, भरपूर पृष्ठभाग मिळतो. शिवाय हेडस्टॉकमध्येही रेशे लांबीच्याच दिशेने राहतात, एकाच जाड लाकडातून वाकडा कापला असता तर रेशे तिथेच तुटले असते आणि गिटार पडली की नेमकी तिथूनच मोडते. चिकटवताना क्लॅम्प आवळला की दोन्ही उतार एकमेकांवरून घसरतात, त्यासाठी गोंदावर मिठाचे दोन-चार दाणे टाकायचे, ते रुततात आणि जोड जागेवर राहतो. ट्रस रॉड (नेकच्या आत बसून त्याला सरळ ठेवणारी धातूची सळई) मात्र विकतचा. गिब्सन ह्या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, तेव्हापासून स्टीलच्या तारांच्या नेकला तो आधार आहे. माझ्या रॉडला ६ मिमी रुंद आणि ९ मिमी खोल खाच लागली, दोन्ही कडा सुरीने खोल आखून घेतल्या आणि मधलं पटाशीने थोडं थोडं काढत गेलो, दोन संध्याकाळी गेल्या.

आता फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. खरं तर मला हेच सांगायचं होतं.

माझी स्केल, म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ६४८ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच. प्रत्येक फ्रेट हा मागच्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या भागावर येतो. पहिला नटपासून ३६.३७ मिमी, दुसरा ७०.७०, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा बरोब्बर मध्यावर ३२४, आणि बाविसावा ४६६.१६. जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ घ्यायचे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो, जे स्वतः ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) वाजवायचे, त्यांनी १५८१ मध्ये हा १८:१७ चा हिशोब मांडला होता. तो माझ्या स्केलला लावून बघितला तर बारावा फ्रेट ३२१.६ वर येतो, म्हणजे मध्याच्या जवळपास २.४ मिमी अलीकडे. तारेची उंची आणि ब्रिजची जागा सांभाळून हे चालून जात असे, आणि आतड्याच्या तारांवर ते कानाला पटतही असेल.

फ्रेटबोर्डासाठी एका मोडक्या टेबलाची शिसवी पट्टी होती. मी पहिला फ्रेट आखला, मग पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असं एकेक अंतर मोजत बावीसपर्यंत गेलो, आणि सगळ्या खाचा कापूनही टाकल्या. मग सहज नटपासून बाराव्यापर्यंत पट्टी ठेवली तर ३२६.५. प्रत्येक खेपेला पट्टी ठेवताना एक-दोन दशांश मिमीची चूक व्हायची, आणि ती पुढच्याच्या डोक्यावर बसायची, त्याच्या पुढच्याच्या डोक्यावर अजून थोडी. बाराव्या फ्रेटजवळ १ मिमी म्हणजे सुमारे ५ सेंट (एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटमधल्या सुराच्या फरकाचा शंभरावा भाग), अडीच मिमी म्हणजे तेरा सेंट, हे कुणालाही ऐकू येतं. ती पट्टी वाया गेली. शिसवाचा तसा दुसरा तुकडा नव्हता, त्याच टेबलाची दुसरी बाजू फाडून काढावी लागली, सहा मिमीचा पातळ काप हातकरवतीने, पूर्ण एक दिवस, आणि मनाला खूप लागलं.

दुसऱ्यांदा स्टीलची पट्टी फ्रेटबोर्डाच्या शेजारी क्लॅम्पने घट्ट बसवली, शून्य नटच्या कडेवर, आणि बावीसही मापं एकाच जागेवरून घेतली, पट्टी एकदाही न हलवता. पेन्सिल नाही, सुरी, कारण पेन्सिलची रेघ अर्धा मिमी जाड असते आणि मग तिच्या कुठल्या बाजूला कापायचं हा प्रश्न उरतोच. सुरीच्या रेघेला करवत आपोआप बसते. करवतीची खाच ०.६ मिमी, फ्रेटच्या जिभेला बारीक काटे असतात ते त्यात घट्ट धरतात. गुण्याला एक लाकडी ठोकळा लावून त्याच्या अंगाने करवत चालवली म्हणजे ती उभी राहते.

फ्रेटबोर्डाला गोलाई दिली नाही, सपाटच ठेवला. क्लासिकल गिटारचा सपाटच असतो, आणि हाताने करताना सपाट म्हणजे खरोखर सपाट आहे की नाही हे एका सरळ पट्टीने तपासता येतं. बारीक बेंड्स (तार बाजूला ओढून सूर चढवणं) करतानाही तार कुठे अडत नाही, मला तर तो आवडायला लागलाय.

नेकची मागची बाजू अर्धगोल कानशीने घासली, पहिल्या फ्रेटला फ्रेटबोर्डासकट २१ मिमी. ह्यात फारसं सांगण्यासारखं नाही, डोळे मिटून हात फिरवत राहायचं, जिथे अडतं तिथे घासायचं. बॉडीला चार स्क्रूंनी नेक जोडला, आधी भोकं पाडून आणि स्क्रूला मेण लावून, नाहीतर सागात स्क्रू मोडतो. एकच सिंगल कॉइल पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. ब्रिजला अर्थची वायर विसरू नका, नाहीतर घूं आवाज जात नाही. वरून लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने, पातळ पातळ बरेच हात. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

तारा चढवल्या त्या रात्री काहीच वाजवलं नाही. सूर लावला आणि तशीच ठेवली, नेकला ती ओढ अंगावर घेऊ दिली. सकाळी बाहीसारखाच डोळा लावून बघितलं, नेकला मध्ये अगदी किंचित खोलगट बाक आला होता, ट्रस रॉड पाव वळसा फिरवल्यावर हवा तेवढा राहिला. नवव्या फ्रेटवर दुसरी तार झणझणत होती, दहावा फ्रेट कणभर वर होता, तो कानशीने खाली घेतला. मग इंटोनेशन, म्हणजे दाबलेली तारही बरोबर सुरात आणणं. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून ब्रिजवर प्रत्येक तार ६४८ पेक्षा थोडी लांब ठेवावी लागते. माझी पातळ तार जवळपास १ मिमी मागे गेली आणि जाड तार जवळपास ४. मोकळी तार, मग बाराव्यावर दाबून, परत मोकळी, परत बारावा, ट्यूनरची सुई दोन्हीकडे एकाच ठिकाणी येईपर्यंत. पाच तारा जमल्या होत्या, जाड ई राहिली होती. शेवटचा अर्धा वळसा दिला, दाबली, सुई मध्यावर आली आणि थांबली. मग मी ट्यूनर बंद केला आणि पहिला कॉर्ड वाजवला.