ब्रेस सुटला तो दिवस

शुक्रवार, रात्री

आज आमच्या अभ्यासातल्या अकराव्या स्वयंसेवकाचा ब्रेस काढला. पाय वापरला नाही तर स्नायूचं काय होतं, ते आम्ही बघतोय. चौदा दिवस गुडघा एकाच कोनात अडकवलेला, चालणं कुबड्यांवर, त्या पायावर जराही भार नाही. मुलगा बावीस वर्षांचा, ठणठणीत. टेपने मांडी मोजली तर फारसा फरक दिसेना. मग त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच एका पायावर उठायला सांगितलं. अर्ध्यावर पाय लटपटला आणि तो पुन्हा खाली बसला. दुसऱ्यांदाही तेच. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, दुखत काहीच नाहीये. नुसता उठतच नाहीये."

हे वाक्य मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरतेय.

आपण सहज म्हणतो, स्नायू झिजला. पण झिजते ती पायरी, झिजते ती चप्पल, म्हणजे जे रोज वापरात असतं ते. इथे तर उलटंच आहे, न वापरल्यामुळे जातंय. पाय 'वाळला' हा शब्द मला जास्त खरा वाटतो. झाडाची फांदी वाळते ती आतला पुरवठा आटला म्हणून. या शब्दापर्यंत पोचायला मला सहा वर्षं लागली.

सुरुवात उंदरांपासून झाली. शेपटीने अलगद उचलून मागचे पाय अधांतरी ठेवायचे, पुढच्या पायांवर त्याने हवं तिकडे फिरावं. दोन आठवड्यांत पोटरीतला सोलियस, म्हणजे उभं राहताना सतत राबणारा स्नायू, निम्म्याच्या आसपास येतो. शेजारचा, बोटं उचलणारा स्नायू मात्र बराचसा शाबूत राहतो. ज्याच्यावर गुरुत्वाकर्षणाचा भार जास्त, तोच भार गेल्यावर आधी खचतो. हे पहिल्यांदा काट्यावर मोजलं तेव्हा मी तो स्नायू तीनदा ठेवून पाहिला होता.

त्या काळात मला सगळं प्रथिनं 'मोडण्यात' दिसायचं. २००१ मध्ये मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१ ही दोन जनुकं सापडली होती. स्नायू वाळायला लागला की दोन्ही जोरात चालू होतात. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवायची आणि पेशीतल्या प्रोटिएसोम नावाच्या यंत्राकडे पाठवायचं, तिथे त्याचे तुकडे होतात. ही चिठ्ठीची व्यवस्था शोधणाऱ्यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातलं एकेक जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पायाचा मज्जातंतू कापला, तरी त्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाळले. हे वाचून वाटलं होतं की शत्रू सापडला, आता फक्त त्याला अडवायचं.

मग माणसांवर काम सुरू केलं आणि सगळं गणित फिरलं. निरोगी माणसाचा पाय अडकवून ठेवला तर मोडणं वाढतं ते थोडंच, आणि तेही मुख्यतः सुरुवातीला. मोठा घाटा असतो तो नवं बांधण्यात. स्नायू नवीन प्रथिनं करणं कमी करतो. त्याहून वाईट म्हणजे, जेवणानंतर रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, वाढली की एरवी जी निर्मिती उसळून येते, तीही मंदावते. अन्न दारात उभं आहे आणि आतून कोणी दार उघडत नाही, असं काहीसं. उंदरांवरची ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण माणसाच्या पायाबद्दलचा प्रश्न मी उंदराच्या पायाला विचारत होते, हे कबूल करायला हवं.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांचा अख्खा पाय प्लास्टरमध्ये ठेवला होता. ५ दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद (म्हणजे त्याचं क्षेत्रफळ) ३.५ टक्क्यांनी घटला आणि ताकद ९ टक्क्यांनी. १४ दिवसांत छेद ८.४ टक्के, ताकद २३ टक्के. म्हणजे ताकद आकाराच्या कितीतरी पुढे पळते, कारण फक्त मांस कमी होत नाही, मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा हुकूमही फिका पडतो. आजचा तो मुलगा याच फरकात अडकला होता, टेपला न दिसणाऱ्या. आणि हे तरुणांचं झालं. म्हातारं माणूस पाच दिवस अंथरुणाला खिळतं तेव्हा घरचे म्हणतात, "असू दे, विश्रांती मिळतेय." ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कालची बायॉप्सी, म्हणजे सुईने काढलेला स्नायूचा बारीक तुकडा, ब्रेस असतानाच घेतली होती, पायावर भार पडायच्या आत. गोठवताना हात थरथरला, कारण दोन वर्षांपूर्वीची चूक मी विसरलेले नाही. तेव्हा घाईत, ज्यात नमुना बुडवून गोठवतात ते आयसोपेंटेन पुरेसं गार होऊ दिलं नव्हतं. नमुने हळू गोठले, आत बर्फाचे स्फटिक झाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या प्रत्येक तंतूला भोकं. चाळणीसारखे. नऊ जणांनी सुई टोचून घेऊन दिलेले तुकडे, एकाही तंतूचं क्षेत्रफळ मोजता आलं नाही. त्यांना फोन करताना काय बोलू सुचत नव्हतं. म्हणून काल द्रव नायट्रोजनमधल्या त्या भांड्याच्या तळाशी आयसोपेंटेनचे पांढरे मणी गोठलेले दिसेपर्यंत मी थांबले. मागे उभ्या असलेल्या मॅडम काही बोलल्या नाहीत, त्याही थांबल्या.

पुढचा गट ब्रेसमध्येच मांडीवर विजेचे हलके झटके घेणार आहे. अशा झटक्यांनी आकार टिकतो हे आधी दिसलंय, ताकद मात्र नाही. मला तो मधला दुवा बघायचा आहे: स्नायू आकुंचन पावला तर ते दार पुन्हा उघडतं का.

मुलगा जाताना विचारत होता, किती दिवसांत पहिल्यासारखा होईल. घालवायला लागले त्यापेक्षा जास्त, एवढंच खात्रीने सांगितलं. सोमवारपासून व्यायाम सुरू. पहिल्या दिवशी खुर्ची थोडी उंच ठेवायची, लिहून ठेवते.