मधले पाच पत्ते कोणाचे?

तीन पत्ती खेळून मोठा झालेला माणूस पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसला की हमखास विचारतो, हे मधे उघडे टाकलेत ते पाच पत्ते कोणाचे? सगळ्यांचे, असं सांगितलं तरी त्याला ते पटत नाही, कारण आपल्याकडे पत्ता म्हणजे छातीशी धरून बसायची गोष्ट. मला मात्र पोकरचा अख्खा इतिहास या एका प्रश्नात दिसतो. हा खेळ साधारण दोनशे वर्षं बदलत आलाय आणि दिशा बहुतेक एकच, आधी सगळं झाकलेलं आणि मग एकेक गोष्ट उघडी पडत गेलेली.

सुरुवात अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटानं १८२९ च्या सुमारास बोटीवर हा खेळ बघितल्याचं लिहून ठेवलंय. तेव्हा फक्त २० पत्ते असायचे, एक्का, राजा, राणी, गुलाम, दस्सी, चौघांना पाच पाच वाटले की गड्डी संपली. बदलायला पत्ता नाही, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) नाही, सिक्वेन्स (ओळीनं पाच पत्ते) नाही. आम्ही मुलुंडला एका शनिवारी मुद्दाम तसं खेळून बघितलं, पैशांऐवजी चिंचोके घेऊन, आणि लगेच लक्षात आलं की चार एक्के किंवा चार राजे आणि सोबत एक एक्का हातात आला की तुम्हाला कुणी हरवूच शकत नाही, बाकीच्यांना काही दिसत नाही आणि तुम्ही बिनधास्त लावत सुटता. खेळ अर्ध्या तासात सपाट वाटायला लागतो.

मग १८३०-४० च्या आसपास पूर्ण ५२ ची गड्डी आली, जास्त माणसं बसायला लागली आणि वाटून उरलेले पत्ते शिल्लक राहायला लागले, म्हणजे नको असलेले टाकून नवे घ्यायची सोय झाली, हा झाला ड्रॉ पोकर. यातली गंमत अशी की समोरच्यानं किती पत्ते बदलले हे सगळ्यांना दिसतं. तीन बदलले तर बहुतेक त्याच्याकडे एक जोडी आहे, एकच बदलला तर दोन जोड्या तरी आहेत नाहीतर फ्लशला एक पत्ता कमी पडतोय, आणि एकही बदलला नाही तर एकतर हात तयार आहे किंवा तो थाप मारतोय. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात स्टड नावाचा प्रकार रुळला, त्याच्या पाच पत्त्यांच्या प्रकारात एक पत्ता झाकलेला आणि चार उघडे.

आपली तीन पत्ती ही इंग्रजांच्या थ्री कार्ड ब्रॅगची मुलगी म्हणायची, आणि ब्रॅग पोकरच्याही जवळच्या नात्यातला. पण तीन पत्ती तिथेच थांबली, ब्लाइंड, चाल, शो, आणि शो होईपर्यंत कुणाचं काही दिसत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची मजा आहेच, मी दरवर्षी खेळतो, पण तिच्यात विचार करायला जागा कमी आहे हे माझं ठाम मत आहे.

टेक्सास होल्डम या पोकरच्या प्रकारानं ही जागा दिली. टेक्सासच्या विधिमंडळानं २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो खेळला जायचा आणि लास वेगासला पोचायला १९६० चं दशक उजाडलं. दोन पत्ते तुमचे झाकलेले, पाच मधे सगळ्यांचे, बोली चार वेळा. ५२ मधले दोन पत्ते १३२६ वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतात, त्यातले कुठले समोरच्याकडे असतील हे प्रत्येक बोलीबरोबर गाळत जायचं. १९७० मध्ये बेनी बिनियननं आपल्या कसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धा सुरू केली, पहिल्या वर्षी विजेता चक्क खेळाडूंनीच मतं देऊन ठरवला, जॉनी मॉस.

पण टीव्हीवर पोकर कुणी बघेना, कारण झाकलेले पत्ते बघणाऱ्यालाही झाकलेलेच. तो प्रश्न हेन्री ओरेन्स्टीन नावाच्या माणसानं सोडवला, नाझी छळछावण्यांतून वाचलेला, नंतर खेळण्यांच्या धंद्यात नाव काढलेला, त्यानं टेबलात कॅमेरा बसवायचं पेटंट घेतलं. ब्रिटनच्या चॅनल ४ वर १९९९ मध्ये टेबलाखालच्या कॅमेऱ्यातून पत्ते दिसायला लागले आणि २००३ ला लोकप्रियतेचा स्फोट झाला. टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून १०,००० डॉलर एंट्रीच्या वर्ल्ड सिरीजला पोचला, ८३९ खेळाडूंत शेवटच्या दोघांत आला, समोर सॅमी फरहा, मुरलेला खेळाडू. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. मधे इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, मग इस्पिकची अठ्ठी, म्हणजे फ्लशही जवळ आणि सिक्वेन्सही जवळ, आणि शेवटी आली बदामची तिर्री. काहीच लागलं नाही. त्यानं तरी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. फरहाकडे नव्वीची जोडी होती, तो जिंकत होता, तुझा फ्लश हुकला असणार असं तो बोललासुद्धा, आणि बराच वेळ विचार करून त्यानं पत्ते टाकून डाव सोडला! घरी बसलेल्या लोकांना दोघांचे पत्ते दिसत होते. मनीमेकरनं २५ लाख डॉलर जिंकले आणि तीनच वर्षांत त्या स्पर्धेत खेळाडू झाले ८,७७३.

नंतर ऑनलाइन खेळामुळे प्रत्येक डाव नोंदला जायला लागला, कॉम्प्युटर त्यातून शिकवायला लागले आणि २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमनं सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकलं.

आपली पोरंही मागे नव्हती, आदित्य सुशांत आणि निपुण जावा यांनी २०१७ मध्ये जोडीनं वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं कडं, जिंकलं, पुढच्या वर्षी निकिता लुथरनं. आणि त्याच २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टानं पोकर हा कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि ॲपवरची टेबलं बंद झाली. ॲपच्या नादी लागून पगार उडवणारी माणसं मी लोकलच्या डब्यात रोज बघितली आहेत, रात्रीच्या कर्जत गाडीत मोबाइलवर डोकं घालून बसलेली, त्यामुळे बंदीचं मला अजिबात दुःख नाही. पण हा नुसता नशिबाचा खेळ आहे हे मी मान्य करणार नाही, कारण नशीब मनीमेकरच्या त्या डावात फरहाच्या बाजूनं होतं.