सिगारेटचं झालं लॉलीपॉप

आज भाच्याने बळंच शेजारी बसवून 'वन पीस' या जपानी कार्टूनमधला एकच प्रसंग दोनदा दाखवला. मूळ जपानीत सांजीच्या ओठांत सिगारेट. २००४ च्या अमेरिकन आवृत्तीत त्याच जागी लॉलीपॉप! जहाजावरचा आचारी, लाथा घालण्यात एक नंबर, आणि तोंडात काय तर गोळी. हसून हसून माझी पुरेवाट. भाचा मात्र गंभीर. "मामा, मारामारी चालते, मग सिगारेटच का नाही?"

काय सांगणार, कप्पाळ! कार्टूनमध्ये आणखी कुठे काय बदललं, ते शोधत बसलो. ब्रिटनमध्ये 'निंजा' हा शब्दच खटकला, म्हणून तिथे 'निंजा टर्टल्स' कार्टूनमधली ती चार लढवय्यी कासवं 'हीरो टर्टल्स' झाली. त्यांतल्या मायकेलअँजेलोच्या नानचाकूवरही (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार) कात्री चालली. तलवारी राहिल्या, हे विशेष.

ऑस्ट्रेलियाचं मात्र मला पटलं. 'पेप्पा पिग' या लहान मुलांच्या कार्टूनच्या एका भागात कोळ्यांना घाबरू नका, ते काही करत नाहीत, असं पोरांना सांगितलंय. तिथले काही कोळी खरोखर विषारी, म्हणून तो भाग मागे घेतला. सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडणारा मी, इथे गप्प.

तेवढ्यात भाच्याने तो प्रसंग तिसऱ्यांदा लावला. लॉलीपॉपमधून चुकून धूर राहिलाय का, ते बघायला.