तुम्ही विचारलेत म्हणून: चालत्या घरातले धुणे

वर्षातले सात महिने आम्ही दोघे मोटरहोममध्ये, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या गाडीत, राहतो, हे ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी परिचितांना एव्हाना ठाऊक झाले आहे. गणेशोत्सवात भेट झाली, की प्रवासाच्या चौकशीमागोमाग एक प्रश्न हमखास येतो : "गाडीत कपडे धुण्याचे मशीन बसवलेत म्हणे. खरोखर उपयोग होतो का? आम्हीही घ्यावे का?" उभ्याउभ्या मी "होतो" एवढेच सांगतो आणि ते उत्तर अपुरे असल्याची रुखरुख घेऊन घरी परततो. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आम्ही मशीन बसवले ते पत्नीच्या एक्झिमामुळे, म्हणजे त्वचेच्या खाजऱ्या विकारामुळे. कॅम्पग्राउंडवरच्या, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावण्याच्या जागेवरच्या, सार्वजनिक लाँड्रीत आधीच्या माणसाने ड्रायरमध्ये कपड्यांसोबत टाकलेल्या सुगंधी कागदाचा (ड्रायर शीटचा) अंश ड्रमला चिकटून राहतो, आणि आपण कितीही साधा साबण वापरला तरी तो वास आपल्या चादरींना लागतोच. पहिल्या वर्षी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चट्टे उठले. रात्र रात्र झोप नसे. हे कारण नसते, तर मी कदाचित मशीन घेतलेच नसते. लाँड्रीत तीन मोठी यंत्रे एकदम लावून आठवड्याचे धुणे दोन तासांत उरकते, आणि ते गाडीतल्या मशीनला कधीही जमणार नाही.

मशीन दोन तऱ्हांनी बसवता येते. एक म्हणजे खाली वॉशर आणि त्यावर ड्रायर अशी जोडी. दुसरी म्हणजे एकाच ड्रममध्ये धुणारा आणि वाळवणारा कॉम्बो. जोडीत एक धुणे वाळत असताना दुसरे लावता येते, पण ती अख्खे कपाट खाते आणि वजनही दुप्पट होते. आमच्या गाडीत भार वाहण्याची सवड बेताचीच होती, म्हणून आम्ही कॉम्बो घेतला. त्यातही बाहेर गरम हवा सोडणारा घ्यायचा की व्हेंट नसलेला, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हेंट नसलेल्या अनेक कॉम्बोंमध्ये कपड्यांतली वाफ थंड पाण्याने निववून निचऱ्यात सोडली जाते, म्हणजे कपडे वाळतानाही पाणी खर्च होत राहते आणि ते सारे सांडपाण्याच्या टाकीत जमते. गाडीच्या भिंतीला भोक पाडावे लागत नाही म्हणून पुष्कळजण तो घेतात. मी मात्र भोक पाडण्याच्या बाजूचा आहे.

आमच्या गाडीत कारखान्यातूनच एका कपाटात गरम व गार पाण्याचे नळ, निचऱ्याचा पाइप आणि स्वतंत्र ब्रेकरवरचा सॉकेट दिलेला होता. ही तयारी नसेल, तर खर्च आणि कटकट कितीतरी वाढते, हे आधीच पाहून ठेवावे. सुमारे ६८ किलोचे मशीन आत नेण्यासाठी आम्हांला गाडीचे दार बिजागऱ्यांतून काढावे लागले. व्हेंटसाठी चार इंचांचे भोक पाडताना आधी आतून बारीक ड्रिलने छिद्र घेतले आणि भिंतीतली ॲल्युमिनियमची पट्टी किंवा एखादी तार आड येत नाही याची खात्री करून मगच मोठे पाते लावले. बाहेरच्या झाकणाभोवती ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) आणि वरून सीलंट असे दोन्ही लावावे, कारण भिंतीत पाणी शिरले की आतले लाकूड कुजते आणि ते बाहेरून दिसतही नाही. मशीनखाली पाणी झेलणारा ट्रे ठेवला. कारखान्यातून येताना ड्रम हलू नये म्हणून मशीनच्या पाठीला लावलेले ट्रान्झिट बोल्ट पहिल्या वापरापूर्वी काढायला विसरू नये. ते तसेच राहिले, तर पिळण्याच्या वेळी मशीन अक्षरशः गाडी हलवते.

विजेचा हिशेब सोपा आहे, पण करावाच लागतो. कॅम्पग्राउंडवर गाडीला मिळणाऱ्या ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॉट मिळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत तशा दोन तारा असल्याने १२,००० वॉट. पहिल्या प्रकारच्या जागेवर एसी, विजेवरचा गीझर आणि ड्रायर एकत्र चालत नाहीत. आम्ही गीझर गॅसवर टाकतो आणि धुणे पहाटे लावतो, कारण दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की जुन्या कॅम्पग्राउंडांवर व्होल्टेज खाली येते आणि मोटरवर ताण पडतो.

आता सांडपाण्याविषयी. मशीनची क्षमता किती पौंडांची, हे सगळे विचारतात. टाकीची क्षमता कोणी विचारत नाही. आमची ग्रे टँक, म्हणजे अंघोळीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे पाणी जिथे जमते ती टाकी, ४० गॅलनची, सुमारे १५० लिटरची आहे. एका धुण्याला साधारण १५ गॅलन लागतात. दोन धुणी आणि दोघांच्या अंघोळी झाल्या, की टाकी तुडुंब.

दुसऱ्याच महिन्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर असताना मी टॉवेल धुवायला लावले. टाकीचा काटा एकतृतीयांश दाखवत होता. अर्ध्या तासाने न्हाणीघराच्या तळातून साबणाचे, तेलकट, करडे पाणी वर येऊ लागले आणि पत्नीने ओरडून मशीन बंद करायला लावले. शॉवरचा निचरा साऱ्या नळजोडणीत सर्वांत खाली असतो, त्यामुळे टाकी भरली की पाणी तिथूनच वर येते. आणि टाकीतल्या संवेदकांवर साबणाचा व तेलाचा थर बसला, की काटा खोटे सांगतो. त्या दिवसापासून मी काट्यावर विसंबत नाही. धुणे लावण्यापूर्वी टाकी रिकामी करतो, तिच्या निचऱ्याची झडप बंद करतो, एकच धुणे लावतो आणि ते संपल्यावर पुन्हा पाहतो. झडप कायम उघडी ठेवण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण तशाने गटाराचा वास आणि माश्या पाइपातून आत येतात. शिवाय शौचाची टाकी ओतल्यानंतर तोच पाइप धुवायला साठलेले साबणाचे पाणी उत्तम कामी येते.

प्रवासात हिसक्यांनी मशीनच्या निचऱ्यातल्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवणाऱ्या पाइपाच्या वळणातले, पाणी उडून जाते आणि कपाटात टाकीचा वास दरवळतो. मुक्कामी पोहोचल्यावर त्यात वाटीभर पाणी ओतले की तो थांबतो.

वाळवण्याबाबत अपेक्षा कमी ठेवावी. ड्रम भरून कपडे धुता येतात, पण तितकेच वाळवता येत नाहीत. निम्मेच ठेवावे लागतात. त्यामुळे रोज एक लहान धुणे हीच रीत बसली : एक दिवस दोघांचे अंगावरचे कपडे, एक दिवस एकटी डबल बेडची चादर. कमी फेसाचा साबण, तोही चमचाभर. पत्नीच्या सुती साड्या मात्र आम्ही ड्रायरमध्ये घालत नाही, कारण त्यांचा दोरखंडासारखा पीळ होतो. न्हाणीघरात आडवी दांडी लावली आहे. साडी तिच्यावर टाकून छताचा पंखा सुरू ठेवला, की संध्याकाळपर्यंत वाळते. पुष्कळ कॅम्पग्राउंडांवर बाहेर दोरी बांधायला मनाई असते. हळदीचे डाग पडलेली फडकी आम्ही धुऊन डॅशबोर्डवर पसरतो. दोन दिवसांच्या उन्हात पिवळेपणा उडून जातो.

ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइटला हिवाळ्यात आम्ही सरकारी वाळवंटी जमिनीवर राहतो. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मोसमाचा परवाना मिळतो, पण जागेवर वीज नाही, नळ नाही, गटार नाही. तिथे मशीन बंदच असते. साबणाचे पाणी वाळवंटात सोडून द्यावे, असे सुचवणारे भेटतात. ते मला मान्य नाही. आम्ही घट्ट झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी आणि किंचित साबण घालतो आणि पाणी भरायला, टाकी ओतायला जाताना ती गाडीत ठेवतो. कच्च्या रस्त्याचे धक्केच कपडे घुसळतात. मग दोनदा खळबळून पिळायचे आणि खुर्च्यांच्या पाठींवर टाकायचे. तिथल्या कोरड्या हवेत ते दुपारी जेवण होईपर्यंत खडखडीत वाळतात.

तेव्हा तुम्ही वर्षातून चार-सहा महिने, बहुतेक करून वीज-पाणी-गटाराची जोडणी असलेल्या जागांवर राहणार असाल, किंवा घरात कोणाची त्वचा नाजूक असेल, तर मशीन जरूर घ्या, आणि घेण्यापूर्वी गाडीच्या कागदांत ग्रे टँकचा आकडा शोधा. तो ३० गॅलनांच्या आत असेल, तर थांबा. दोन आठवड्यांसाठी गाडी भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनला निघाला असाल, तर झाकणाची बादली पुरेल. ती आमच्याकडून घेऊन जा.